तिसरा कौल

कचऱ्याच्या गाडीची धून गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली तेव्हा माझ्या एका हातात सुक्या कचऱ्याची पिशवी होती, दुसऱ्या हातात उष्ट्याची बादली, आणि काखेत एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड. माझा भाचा क्वोतुंग दोन मिनिटांपूर्वीच ते देऊन गेला होता. स्कूटर बंदसुद्धा केली नाही त्यानं. "आत्या, तुमची सोय झाली हो," म्हणाला. "समोर दरी आहे, उजेड भरपूर, आणि तिथल्या भिक्षुणी रोज ताजी फळं ठेवतात. खरं तर जागा शिल्लक नव्हती. पण तुमचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, वंगबाईंना नाही कसं म्हणणार!" कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: तिसरी रांग, क्रमांक सत्तावन्न, पूर्वाभिमुख. खाली डोंगरावरच्या देवळाचं नाव. मी मेल्यावर माझी राख आणि माझ्या नावाची पाटी तिथं राहायची. "छान केलंस रे," मी म्हटलं, आणि तो खुशीत निघून गेला. मग गाडी आली, सगळी गल्ली पिशव्या घेऊन पुढं सरकली, मीही सरकले. "बाई, अहो बाई! उष्टं मागच्या गाडीत!" नूडल्सवाली ओरडली. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, आणि तुम्हीच?" बघते तर मी माझी आख्खी बादली सुक्या कचऱ्यात उपडी केली होती. पपईच्या साली, माशाचे काटे, सगळं. वीस वर्षं या गल्लीला ओला-सुका शिकवणारी मी. गाडीवरच्या माणसानं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मला भयंकर लाज वाटली.

घरी येऊन कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसले. मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग मला चांगला जमतो, त्याच्यावर मी पाच निवडणुका काढल्या. पण क्वोतुंगवर रागावणार कसं? शाळकरी पोर होता तेव्हा माझ्या प्रचाराच्या ट्रकवर माझ्या शेजारी पत्रकं धरून उभा राहायचा. आता साठीला आला, पाठ दुखते, गुडघे कुरकुरतात, तरी दर रविवारी माझ्यासाठी माशाची पेज घेऊन येतो. आमच्याकडं मुलगी जन्मते ती दुसऱ्याच्या देव्हाऱ्यासाठी. लग्न झालं की मेल्यावर तिचं नाव नवऱ्याच्या घरच्या पाटीवर चढतं, आणि सणाला, पुण्यतिथीला तिथं तिला ताट मिळतं. लग्न न झालेलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नाही. तिची सोय बाहेर करायची. क्वोतुंगनं ती आधीच केली, मनापासून केली, आणि का केली तेही मला माहीत होतं. सगळ्या ताइनान शहराला माहीत होतं. ट्रकवर उभं राहून, कर्ण्यातून, मीच ओरडून सांगितलं होतं, "मला कुणाच्या देव्हाऱ्यात जागा नको! मला सभागृहात जागा द्या!"

मासळीबाजारात पहिल्यांदा ओरडले ते. पस्तिशीची होते. एका कोळणीनं हातातला सुरा ओट्यावर आपटला आणि हसत सुटली, आणि मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटलं, वाक्य जमलं. वाक्य जमलंच होतं म्हणा. पुढं ते पत्रकांवर छापलं, भिंतींवर रंगवलं, विरोधकांनी त्याची टिंगल केली, बायकांनी ते आपापल्या सासवांना ऐकवलं. त्या दिवशी घरी आले तर आई कोबी चिरत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मेल्यावर तुला जेवायला कोण घालणार गं?" मी म्हटलं, "आई, आत्ता भूक लागलीय, आत्ताचं बघ." तिनं वाढलं. कोबी, भात, वर खारवलेलं अंडं. मी जेवत असताना ती समोर बसून होती, आणि माझं जेवण होईपर्यंत तिनं काही तोंडात घातलं नाही. हे मला त्या वेळी दिसलं नव्हतं. आज चाळीसएक वर्षांनी, कार्डाकडं बघताना दिसलं.

लग्न केलं नाही याचं मला दुःख नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोकांना तसं वाटून घ्यायला आवडतं. मी एका पतपेढीत कारकून होते. कामावर घेताना आम्हा मुलींकडून एक कागद लिहून घेत, की लग्न ठरताच मी राजीनामा देईन. सगळ्या जणी शाळेच्या हजेरीवर करावी तशी सही करून टाकायच्या. मीही केली, वर माझा शिक्काही उमटवला. पुढं एक गणिताचे मास्तर आले, आवडले, बोलणी झाली, आणि साहेबांनी तो कागद ड्रॉवरमधून काढून माझ्यापुढं ठेवला. मी मास्तरांना म्हटलं, एक वर्ष थांबा, हा कागद मी फाडायला लावते. मास्तर थांबले. वर्षाची तीन झाली. मी पतपेढीच्या दाराशी फलक घेऊन उभी राहायचे, पोलीस माझं नाव लिहून घ्यायचे, आणि मास्तर रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून उभे असायचे. मग एक दिवस सायकल नव्हती. त्यांनी लग्न केलं, त्यांना दोन मुलगे झाले, आणि ते नेहमी मलाच मत द्यायचे असं त्यांच्या बायकोनं मला एकदा भर सभेत सांगितलं. तो कागद शेवटी रद्द झाला. पतपेढीतल्या मुलींनी त्या दिवशी मला खांद्यावर घेतलं, आणि एकीनं घाईनं लग्नाची तारीखही काढली. ते माझं सर्वांत सुखाचं वर्ष. अशी सुखं मला पुष्कळ मिळाली, मोजायला बसले तर संध्याकाळ पुरणार नाही.

पण निवडणूक मी पहिली हरले. म्हणजे मला हरवलं. शाळेच्या वर्गात मोजणी चालली होती, मी दोनशे बारा मतांनी पुढं होते, आणि दिवे गेले. सात मिनिटं. अंधारात खुर्च्या सरकल्याचे आवाज, कागदांची कुजबुज, कुणाचा तरी खोकला. दिवे आले तेव्हा मी नव्वद मतांनी मागं. तेव्हा एकाच पक्षाचं राज्य होतं, कुणाला विचारणार? मी तरी विचारलं. अर्ज केले, उपोषण केलं, ओरडून ओरडून आवाज कायमचा घोगरा करून घेतला. चार वर्षांनी पुन्हा उभी राहिले तेव्हा मोजणीला माझ्या बायका आल्या, कोळणी, शिवणकामवाल्या, पतपेढीतल्या मुली, आणि प्रत्येकीच्या हातात बॅटरी. दिवे गेलेच. तर एका क्षणात साठ बॅटऱ्या पेटल्या आणि मतपेटीवर रोखल्या गेल्या. टेबलाशी बसलेला माणूस हात वर करून बसला. मी निवडून आले. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये बॅटरी असतेच. लोक हसतात, आता फोनमध्ये असते की आत्या, म्हणतात. असू दे. हात जाईल तिथं मला ती लागते.

दोन दिवसांनी आईची पुण्यतिथी होती. बसनं जुन्या घरी गेले. दारातच वहिनी. माझ्या दादाची बायको, क्वोतुंगची आई; दादा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ही त्र्याऐंशीची, पायांत प्लास्टिकच्या सपाता, तोंड चालू. "ये, ये! सभागृहातून सवड मिळाली वाटतं!" मला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण वहिनीचा हा विनोद निवृत्त होत नाही. मी म्हटलं, "अधिवेशन संपलं, वहिनी. तुमच्या हातची कोंबडी खायला आले." "कोंबडी तुझ्या आईची. ती जेवून उठल्यावर तुला." देव्हाऱ्यापुढच्या उंच टेबलावर ताटं मांडली होती, उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, कोबी, आईसाठी खारवलेलं अंडं. वर लाकडी पाटी, तिच्यावर नावं: आजोबा, आजी, बाबा, आई, दादा. क्वोतुंगनं उदबत्त्या लावल्या, मला तीन दिल्या. दरवर्षी देतो. लेकीनं मागं उभं राहावं, मुलानं पुढं, असं पूर्वी होतं. ते मी कधीच मोडून काढलं, आणि आता आम्ही शेजारी उभे राहतो. धूर डोळ्यांत गेला. मला एकदम वाटलं, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीतरी मीही मेलेली असेन, तेव्हा आई इथं जेवत असेल, आणि मी डोंगरावर तिसऱ्या रांगेत, अनोळखी बायकांच्या मध्ये बसून भिक्षुणींची फळं खात असेन. तशा त्या चांगल्याच असतील बायका. पण त्यांच्यातल्या एकीलाही खारवलेलं अंडं मला आवडतं हे माहीत नसेल.

हे असलं वाटणं मला शोभत नाही, हे मला कळत होतं. मेल्यावर कोण जेवतंय? मी शिकलेली बाई आहे. हजार वेळा हे मी इतरांना समजावलं. तरी आईच्या नावावरून माझी नजर हलेना.

उदबत्त्या अर्ध्या होईपर्यंत आम्ही बाजूला बसलो. क्वोतुंगची बायको मेचेन चहा घेऊन आली, आणि सहज म्हणाली, "आत्या, कार्ड मिळालं ना? मी पण बघून आले ती जागा. हवा किती छान!" वहिनीनं कप खाली ठेवला. "कसलं कार्ड?" क्वोतुंगनं सांगितलं. वहिनी मुलाकडं वळून म्हणाली, "तिला विचारलंस?"

"आई, आत्यांचं ते वाक्य सगळ्या शहराला पाठ आहे. इथली जागा देऊ केली असती तर त्यांचा अपमान झाला असता."

"वाक्य शहराला पाठ असेल. तू तिला विचारलंस का, ते मी विचारतेय."

"नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. सगळेच बघत होते. मी आयुष्यभर माणसांच्या समोर बोलले. बाजारात बोलले, तुरुंगाच्या दाराशी बोलले, बायका मारहाणीच्या खुणा दाखवायच्या त्या अंगणांत बोलले. मतं मागितली, जागा मागितल्या, कायदे मागितले. पण ते सगळं कुणासाठी तरी होतं, आणि त्यामुळं सोपं होतं. स्वतःसाठी मी कधीच काही मागितलं नव्हतं हे मला त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. चहाचा घोट घेतला. तो गरम होता, जीभ भाजली. "मला इथं राहायचंय," मी म्हटलं. "आईजवळ. जमत असेल तर."

क्वोतुंगचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही, पुन्हा सांगते. तो घाबरला. "आत्या, मला काय, मी आत्ता पाटी बनवायला सांगतो. पण घराण्यातले काका आहेत, थोरले. म्हणतात, लग्नाशिवाय राहिलेली मुलगी पाटीवर घेतली की घर हलतं. माझं दुकान, यीरूचं काय ते… आधीच यीरू…" तो थांबला. यीरू त्याची एकुलती मुलगी, तायपेईत नोकरी करते, चौतीस वर्षांची, आणि लग्न करणार नाही असं तिनं गेल्या नववर्षाच्या जेवणात, सगळ्यांच्या तोंडात घास असताना जाहीर केलंय.

"आधीच यीरू काय?" वहिनी म्हणाली. "बोल की. तिचंही कार्ड आणून ठेव मग. अठ्ठावन्न नंबर रिकामा असेल. आत्या-नाती शेजारी शेजारी बसतील." मेचेननं ॲप्रन डोळ्यांना लावला. वहिनी माझ्याकडं वळली. "आणि तू गं? मी आले परक्या गावाहून, विशीत, रडत. मला वर जागा आहे, तुझ्या दादाशेजारी, कायमची. तू या घरात जन्मलीस, या फरशीवर रांगलीस, तुला नाही. तेव्हाच मला वाटलं होतं, यात काहीतरी गडबड आहे. पण तू ट्रकवर चढून सांगत सुटलीस, नको मला नको मला. मी कशाला बोलू?"

"वहिनी, बोलायचं होतंत."

"तुझ्या हातात कर्णा होता. माझ्या हातात झारा."

शेवटी क्वोतुंगच म्हणाला, "वरच्यांना विचारू या. ते हो म्हणाले तर थोरल्या काकांना मी सांगतो. सलग तीन वेळा हो आलं पाहिजे." हे रास्त होतं. जेवण झालं का हेसुद्धा आपण वरच्यांना विचारूनच ताटं उचलतो. त्यानं देव्हाऱ्याच्या कडेचे दोन लाल लाकडी तुकडे काढून माझ्या ओंजळीत ठेवले, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. एक सपाट आणि एक फुगीर वर आली की हो. दोन्ही फुगीर म्हणजे नाही. दोन्ही सपाट म्हणजे वरचे हसताहेत, नीट विचार.

मी गुडघ्यांवर बसले. आता हे पुन्हा मतदानच, मनात आलं, आणि मतदार सगळे मेलेले, त्यातले बहुतेक बाप्ये. "आदरणीय पूर्वजहो," मी सुरुवात केली, "बदलत्या काळाचा विचार करता, घराण्याच्या परंपरेला कोणतीही बाधा न आणता, जर आपली हरकत नसेल—" आणि तुकडे टाकले. दोन्ही सपाट. वहिनी फिस्सकन हसली. "ते हसताहेत. मलाही हसू येतंय. अगं, तुझी आई आहे ती! सरळ बोल." मी तुकडे उचलले. डोळे मिटले. कोबी चिरणारी आई दिसली, सुरीचा आवाज, आणि वर न बघता विचारलेला तो प्रश्न. "आई," मी म्हटलं, "मी पिशिया. मला तुझ्या ताटात जेवायचंय." टाकले. एक सपाट, एक फुगीर. क्वोतुंगनं मोठ्यानं श्वास सोडला. "एक." पुन्हा. तुकडे फरशीवर नाचले, थांबले. एक सपाट, एक फुगीर. "दोन," मेचेन म्हणाली, आणि तिनं नवऱ्याचा दंड धरला. क्वोतुंगनं डोळे मिटून हात जोडले होते. त्याचे ओठ हलत होते. तो माझ्यासाठी मागत होता की दुकानासाठी की यीरूसाठी, कोण जाणे. मला वाटतं, एव्हाना ते सगळं त्याच्या मनात एकच झालं होतं.

तिसऱ्यांदा माझे हात घामेजले होते. तुकडे सुटले ते वेडेवाकडे. एक समोरच थांबला, फुगीर बाजू वर. दुसरा उडाला, टेबलाच्या पायावर आपटला आणि खालच्या लाल कापडाच्या झालरीआड गेला. "कुठं गेला?" क्वोतुंग डोळे उघडून म्हणाला, वाकायला गेला आणि पाठ धरून तसाच थांबला. मेचेन दिवा लावायला भिंतीकडं धावली. वहिनी टेबलाच्या कडेलाच उभी होती, भिंतीला टेकून. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. बॅटरी काढली, फरशीवर कोपर टेकून झालर उचलली, आणि उजेड आत टाकला.

तुकडा मागच्या कोपऱ्यात होता. फुगीर बाजू वर. म्हणजे नाही. मी ते बघितलं, अगदी स्पष्ट बघितलं. दोनशे बारा, आणि दिवे जातात. मग पलीकडची झालर किंचित हलली. तिच्याखालून एक सपात आली, निळी, प्लास्टिकची, आणि सपातीतून बाहेर आलेला वहिनीचा वाकडा अंगठा. तो अंगठा तुकड्याच्या टोकाशी गेला, जरा चाचपडला, आणि त्यानं तुकडा अलगद उलटा केला. सपात मागं गेली. सपाट बाजू वर करून तुकडा त्याच्या फुगीर पोटावर मागंपुढं डुलत राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा मोजणीतली लबाडी चालू असतानाच माझ्या बॅटरीच्या उजेडात सापडली होती. मी मान वर करून बघितलं. वहिनी छताकडं बघत होती, तोंडात काही नसताना चघळल्यासारखं करत, आणि तिचे कान लाल झाले होते. साठ वर्षांत तिनं माझ्यासाठी प्रचार केला नव्हता. एकदाही ट्रकवर चढली नव्हती. मी सभेहून यायचे तेव्हा तिनं झाकून ठेवलेलं ताट असायचं फक्त, कितीही उशीर झाला तरी गरम. मला हसू आलं, आणि त्याच्यामागून इतकं रडू आलं की मी तशीच झालरीत तोंड घालून पडून राहिले.

"आत्या?" क्वोतुंगचा आवाज कापत होता. "काय आलंय? नीट बघा हं. तुम्हाला मोजणीचा अनुभव आहे."

"नीटच बघतेय," मी म्हटलं. तुकडा डुलायचा थांबला. "हो आलंय रे. तीन."

आणि मी बॅटरी बंद केली.